तिसऱ्या पानावरची अट

गल्लीत त्यांना सगळे दाभणकाकू म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं बाईला नीट ओळखलं होतं. उंच, सडपातळ, ताठ, आणि बोलायला लागल्या की आरपार. जाड वह्यांचे गठ्ठे शिवायची ती लांब मजबूत सुई, दाभण, सकाळी नऊला काकूंच्या हातात यायची आणि संध्याकाळी सातलाच सुटायची. तोंडावर कुणी त्या नावानं हाक मारली तरी त्या रागावत नसत. "दाभणच आहे मी," म्हणत, "म्हणून तुमची पुस्तकं एकसंध आहेत. मऊ सुई असते तर पानं गोळा करत फिरला असता."

त्यांचा पुस्तकबांधणीचा कारखाना म्हणजे इनमिन दोन खोल्या. रस्त्याकडची मोठी, तिला मोठी खिडकी, खिडकीखाली लांब टेबल. मागची लहान. तिच्यात पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र, कागद कापायचं यंत्र, पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि खळीचं पातेलं. मोठ्या खोलीत शिवण, लहानीत बाकी सगळं. हे काम काकूंना सासऱ्यांनी शिकवलं. नवऱ्याला त्यात गोडी नव्हती, तो कचेरीत नोकरी करायचा आणि लवकरच गेला. त्यानंतर सून आणि सासरे एका टेबलाच्या दोन टोकांना बसून एकवीस वर्षं शिवत राहिले. भांडणं रोज व्हायची, अबोला एक दिवसही टिकला नाही.

सासऱ्यांचे दोन नियम होते. पहिला असा की बांधणारानं वाचत बसायचं नाही. वाचायला लागलं की हात थांबतो आणि पुस्तक लोकांचं असतं. दुसरा नियम म्हणजे वाया गेलेला चांगला कागद फेकायचा नाही. टेबलाखाली एक लाकडी पेटी होती, वायाची पेटी. चुकून जास्त छापलेली पानं, डाग पडलेले कागद, कुणाच्या तरी रद्द झालेल्या पत्रिका, सगळं तिच्यात जायचं. मग पुस्तक शिवून झालं की त्यातल्याच पट्ट्या कापून पुस्तकाच्या पाठीला आतून खळीनं चिकटवायच्या, म्हणजे पाठ मजबूत होते. वरून कापड चढलं की त्या पट्ट्या कुणाला दिसत नाहीत. या गावातल्या कित्येक गंभीर ग्रंथांच्या पाठीत कुणाकुणाचे फुकट गेलेले निरोप चिकटलेले आहेत, याची त्या ग्रंथांना कल्पनाही नसेल.

सासरे गेले आणि कागदपत्रं निघाली. म्हणजे काही निघालंच नाही, तोच घोटाळा होता. "या खोल्या जिच्या हातात सुई आहे तिच्या," असं म्हातारा शेकडो वेळा बोलला होता, पण लिहून ठेवायचं त्याला सुचलं नाही. धाकट्या दिरानं सरळ सांगितलं, "वहिनी, घर वडिलांचं आणि मुलगा मी. पुढची खोली मी औषधाच्या दुकानाला भाड्यानं देणार. मागची वापरा हवी तर." हे दीर स्वभावानं वाईट नव्हते, पण आयुष्यात कधी त्यांनी एक पान शिवलं नव्हतं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दावा लावला. दोन्ही खोल्या माझ्या, अर्धंमुर्धं काही नको.

त्याला नऊ वर्षं झाली. कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या की काकूंच्या चपला, हे सांगणं अवघड आहे. प्रत्येक तारखेला त्या वेळेआधी अर्धा तास हजर. साक्षीत त्यांचं एक वाक्य इतकं गाजलं होतं की लेखनिकाला ते पाठ झालं होतं: "ज्या माणसाला सुईत दोरा ओवता येत नाही, तो बांधणीच्या कारखान्याचा मालक कसा?"

आणि या नऊ वर्षांत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, सासऱ्यांच्या जागी, काकूंची लेक बसत होती. लेक शांत. आईचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की ती मान खाली घालून शिवत राही. एकच भानगड होती, ती डावखुरी होती. शिवताना फरक पडत नसे, पण शेवटची गाठ आईची उजवीकडे वळायची आणि तिची डावीकडे. लहानपणी तिला शिवायला शिकवताना काकूंनी पहिली दोन वर्षं तिच्या हातावर फटके मारले, गाठी कापून पुन्हा मारायला लावल्या, "आरशातली गाठ" म्हणून टिंगल केली. शेवटी एक दिवस चिडून त्यांनी तिची गाठ तुटते का बघायला दोरा ओढला. बोट कापलं, गाठ हलली नाही. त्या दिवसापासून काकू त्या गाठीबद्दल बोलायच्या बंद झाल्या. हे कौतुक आहे, हे लेकीला कळायला बराच काळ गेला असावा, कारण काकूंनी ते सांगितलं नव्हतं.

मागच्या तारखेला काकू कोर्टाच्या जिन्यात मधेच बसल्या. छातीत कळ, अंगभर घाम. लेकीनं धावत जाऊन गाडी आणली. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "काम काय करता?" काकू म्हणाल्या, "शिवते." डॉक्टर म्हणाले, "शिवा. पण ते कोर्ट सोडा."

सोडा म्हणे! काकू घरी येऊन दोन दिवस धुसफुसत होत्या. मग वकीलबाईंनी त्यांना बोलावलं. वकीलबाई वयानं लहान, पण डोक्यानं थंड. "काकू, एक वाट आहे," त्या म्हणाल्या. "दावा चालू असतानाच तुमचा हक्क तुम्ही मुलीच्या नावे करून देऊ शकता. तसं पत्र करायचं आणि कोर्टाकडे अर्ज द्यायचा. कोर्टानं परवानगी दिली की तुमच्या जागी ती उभी राहील. दावा पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही. जिथे आहे तिथूनच पुढे."

"आणि परवानगी मिळेपर्यंत?"

"तोवर दावा तुमच्याच नावानं."

काकूंनी विचार केला. मग म्हणाल्या, "देते. पण एक अट लिहा. तिनं शेवटपर्यंत लढायचं. माझ्या लेखी संमतीशिवाय भाऊजींशी तडजोड करायची नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "अशी अट घातली तर समोरचा वकील त्यावरच बोट ठेवेल. म्हणेल, हक्क दिलाच कुठे, दोरी अजून आईच्या हातात आहे. आणि उद्या तुम्ही नसलात तर संमती कुणाची आणायची?"

"दोरी माझ्याच हातात राहू दे. माझी पोर भोळी आहे. भाऊजी गोड बोलून तिच्याकडून नुसत्या मागच्या खोलीवर सही घेतील."

लेक शेजारी बसली होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

शेवटी वकीलबाईंनी तिसरं पान दोन प्रकारे तयार केलं. एक अटीचं, एक बिनअटीचं. बाकी तीन पानं तीच. बाईंना दुसऱ्या कामाची घाई होती. "दोन्हींवर दोघी सह्या करा," त्या म्हणाल्या. "घरी जाऊन शांतपणे ठरवा. हवं ते पान लावा, नको ते फाडून टाका आणि मला आणून द्या." काकूंनी धडाधड सह्या केल्या. न वाचता, सासऱ्यांच्या नियमाप्रमाणे. अटीच्या पानाचा कोपरा तेवढा दुमडून ठेवला, म्हणजे चूक व्हायला नको. लेकीनं मात्र सही करण्याआधी दोन्ही पानं वाचली. ही तिची जुनी खोड.

घरी आल्यावर काकूंनी सुटी पानं पाहिली आणि त्यांना राहवेना. टाचणीनं टोचलेला गठ्ठा म्हणजे त्यांच्या दृष्टीनं पाप. त्यांनी पत्र नीट शिवलं, पाच भोकं, मेण लावलेला दोरा, आपली उजवी गाठ. अटीचं पान तिसरं. उरलेलं बिनअटीचं पान दुसऱ्या कुणीही फाडलं असतं. काकूंनी फाडलं नाही. कागद चांगला जाड होता. त्यांनी ते वायाच्या पेटीत टाकलं. पत्र दाबात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लेक ते वकीलबाईंच्या कचेरीत देऊन आली.

पत्र दाबात होतं, त्याच सकाळी दीर कारखान्यात येऊन गेले होते. तास दीड तास बसले. त्यांनी तेच जुनं गाणं गायलं, पुढची मला, मागची तुम्हाला, आणि कोर्टाला रामराम. काकूंनी त्यांना खडसावून बाहेर काढलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण काकूंनी ते अगदी पक्कं लक्षात ठेवलं होतं.

आज अर्जाची तारीख. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर काकू, शेजारी लेक, समोरच्या बाकावर दीर. दारातून आतलं टेबल दिसत होतं. लेखनिक फायली लावत होता. त्यानं एक पत्र उचललं, झटकलं आणि फाईलवर ठेवलं. काकूंना दुरून अक्षर दिसत नसे, पण शिवण दिसे.

ती शिवण त्यांची नव्हती. काकू दोऱ्याचं टोक नेहमी मुळाशी कापत, सासऱ्यांनी तसंच शिकवलं होतं. इथे बोटभर टोक बाहेर लोंबत होतं. पत्र कुणीतरी उसवलं होतं आणि परत शिवलं होतं. म्हणजे आतलं पान बदललं होतं. म्हणजे अट गेली होती!

छातीत पुन्हा ते ओळखीचं आवळणं सुरू झालं. वकीलबाई आत दुसऱ्या प्रकरणात उभ्या होत्या. पुकारा कुठल्याही क्षणी होणार. एकदा न्यायाधीशांनी परवानगी दिली की ते पत्र कायमचं, आणि त्या पानाच्या आधारावर उद्या कुणीही लेकीला कोपऱ्यात गाठून सही घेऊ शकेल. नऊ वर्षं मातीत. काकू उठल्या आणि तरातरा समोरच्या बाकापाशी गेल्या.

"भाऊजी, तुम्हाला लाज नाही वाटली?"

दीर दचकले. "काय झालं वहिनी?"

"त्या दिवशी दीड तास बसलात ते याचसाठी ना? माझी नजर चुकवून पत्र उसवलंत, पान काढलंत आणि परत शिवलंत. चोर आहात तुम्ही!"

बाकांवरची माणसं वळून बघू लागली. दिरांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावर एक थकलेलं हसू आलं. "वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "मला सुईत दोरा ओवता येत नाही. हे तुम्हीच नऊ वर्षं शपथेवर सांगताय."

काकूंच्याच वाक्यानं काकूंना उभं चिरलं होतं. दिरांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. काकूंनी ती घेतली नाही, पण दिरांनी बाटली तशीच धरून ठेवली.

दीर नाहीत. वकीलबाईंच्या कचेरीत टाचणीशिवाय काही नसतं. मग कोण? पाच भोकांतून असा दोरा खेळवणारी माणसं जगात होती किती? एक मातीत गेला. एक इथे उभी. काकूंनी मागे वळून पाहिलं.

लेक बाकावर तशीच बसली होती, दोन्ही हात मांडीवर. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात पुकारा झाला.

आत काकू नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या, कठड्यापाशी, डाव्या हाताला. लेक त्यांच्या मागे एक पाऊल. वकीलबाईंनी अर्ज वाचला. दिरांच्या वकिलानं हरकत नसल्याचं सांगितलं, आणि तेही इतक्या चटकन की काकूंचं अंग शहारलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, हे पत्र तुम्ही राजीखुशीनं करून दिलंत?"

"मला एकदा हातात द्या," काकू म्हणाल्या.

वकीलबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्या कुजबुजल्या, "काकू, काय झालं? बिनअटीचंच पान आलं तेव्हा मला वाटलं, तुम्हीच मन बदललंत."

लेखनिकानं पत्र आणून दिलं. काकूंनी ते वाचायला डोळ्यांसमोर धरलंच नाही, बोटांनी पाठ चाचपली. भोकं त्यांचीच होती, एकही नवं नव्हतं. दोऱ्याला त्यांच्याच डब्यातलं मेण होतं. आणि शेवटी ती गाठ. डावीकडे वळलेली. आरशातली. टोक लांब राहिलं होतं. घाईत, किंवा हात थरथरत असेल तर राहतं तसं.

त्यांनी तिसरं पान उघडलं. खाली त्यांची सही, तिच्याशेजारी लेकीची. वर कुठेही अट नव्हती.

एक शब्द पुरे होता. 'नाही' म्हटलं असतं की अर्ज पडला असता, पत्र रद्द झालं असतं, दावा पुन्हा त्यांच्या मुठीत. मग पुढची तारीख, त्याच्या पुढची, आणि तोच जिना. काकूंना रागानं अक्षरशः अंधारी आली. पोटची पोर! जिच्यासाठी हे सगळं केलं, तिनंच आईच्या पाठीमागे आईची शिवण उसवली. त्यांनी मान वळवली आणि लेकीकडे रोखून पाहिलं.

लेकीनं नजर खाली घातली नाही. घातली असती तर काकू तिथेच ओरडल्या असत्या. पण ती आईकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ओठ घट्ट मिटले होते. अगदी असंच ती लहानपणी हातावर फटका खाल्ल्यावर बघायची आणि मग पुन्हा तीच, डावीच गाठ मारायची. काकूंना जिन्यातला तो दिवस आठवला. कळ इतकी होती की काही दिसत नव्हतं, फक्त कानावर लेकीचा आवाज येत होता. ती कुणाला तरी विनवत होती, माझी आई, माझी आई. खोलीचं नाव तिनं तेव्हा काढलं नव्हतं. खरं तर नऊ वर्षांत एकदाही काढलं नव्हतं, आणि काकूंनी तिला एकदाही विचारलं नव्हतं की बाई गं, तुला काय हवंय.

"काही चूक आहे का?" न्यायाधीशांनी विचारलं. "पत्रात काही बदललंय?"

पलीकडे दीर बाटली धरून उभे होते.

काकूंनी गाठीवर अंगठा ठेवला आणि जोरात दाबला. हलली नाही.

"चूक नाही," त्या म्हणाल्या. "शिवण बघत होते साहेब. आमच्याच घरची आहे. पत्र माझंच. राजीखुशीनं दिलंय."

न्यायाधीशांनी लिहिलं. पेनाची खरखर काकूंनी शेवटपर्यंत ऐकली. मग लेखनिकानं लेकीला पुढे बोलावलं. ती आली आणि कठड्यापाशी अडखळली, कारण काकू तिथून हललेल्याच नव्हत्या. नऊ वर्षांची सवय.

"बाई," न्यायाधीश म्हणाले, आणि म्हणाले ते हळुवारपणे, "तुम्ही आता बसलात तरी चालेल."

काकू बाजूला झाल्या. कुठे बसायचं ते त्यांना कळेना, या खोलीत त्या कधी बसल्याच नव्हत्या. भिंतीजवळ एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर त्या टेकल्या. तिथून त्यांनी ऐकलं, त्यांची शांत पोर स्पष्ट आवाजात सांगत होती की दोन्ही बाजूंना तडजोडीवर बोलायला थोडा वेळ हवा आहे. मागची खोली, दोन्ही यंत्रं, आणि खिडकीखालचं लांब टेबल. टेबलाचं म्हणताना ती दिरांकडे वळून म्हणाली, "टेबल आईचं आहे काका, ते आम्ही नेणार." दिरांनी होकारार्थी मान डोलावली.

मायलेकी बाहेर बाकावर येऊन बसल्या. दीर येऊन पाण्याची बाटली मधे ठेवून गेले. या वेळी काकू प्यायल्या.

"चिडलीस?" लेकीनं विचारलं.

"मग काय आरती ओवाळू? आईला फसवलंस."

"हो," लेक म्हणाली. "मला दुसरं काही सुचलं नाही. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

काकूंनी यावर खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "नाही."

"आई, मागच्या खोलीतही शिवता येतं. तू त्या जिन्यात गेलीस तर मी कुठल्या खोलीत काय शिवू?" आता ती रडत होती, अगदी उघड. काकूंनी तिचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि त्याच्या बोटांवरून अंगठा फिरवत बसल्या. त्यांचंही नाक वाहायला लागलं होतं. त्याचाही त्यांना राग आला.

"टोक केवढं लांब ठेवलंयस," त्या म्हणाल्या. "सगळ्या कोर्टाला दिसलं."

"हात कापत होता."

"दिसलंच ते." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आणि माझं पान? अटीचं? फाडलंस ना?"

लेकीनं डोळे पुसले. "छे. चांगला कागद होता. वायाच्या पेटीत आहे."

समोरून माणसं फायली घेऊन आत जात होती, आतली बाहेर येत होती. कुणाचा तरी पुकारा झाला आणि काकू सवयीनं अर्ध्या उठल्या, मग पुन्हा बसल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्याच्या त्या जाड पुस्तकाच्या पाठीला लाव."